एल्फ, परी आणि आसरा

इंग्रजीतील काही शब्द असे आहेत की, ते मराठीत आणावयास बसले म्हणजे लेखणी थबकते. आणि नवल असे की, हे शब्द तत्त्वज्ञानाचे किंवा शास्त्राचे नसून अगदी पोरासोरांच्या गोष्टींतले असतात. ‘एल्फ’ हा त्यांपैकी एक होय. जवळजवळ तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविल्यावरही ह्या इवल्याशा शब्दापुढे आम्ही अद्याप निरुत्तर होतो. ‘परी’ म्हणावे, तर परी ही स्त्री आणि एल्फ पुरुषही असतो. शिवाय परी आपण फारसीतून उसनी घेतली, ती तिच्या पंखांसकट आणि बागेसकट. ‘बुटका’ म्हणावे, तर तो शब्द हिमगौरीच्या गोष्टीतील सात जणांना आपण कधीच देऊन बसलो आहोत. ‘यक्ष’ म्हटले की मेघाला निरोप सांगणारा कालिदासाचा विरही डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणी विद्वान वालखिल्य ऋषींचे नाव सुचवील. ते अंगठ्याएवढे होते आणि संख्येने साठ हजार होते, हे खरेच. परंतु ते तप करीत, आणि तपाचे एल्फाला वावडे आहे.

आजच्या मुलांना ही अडचण मुळीच भासत नाही. हॅरी पॉटरच्या १९९८ साली निघालेल्या दुसऱ्या पुस्तकातील डॉबी त्यांच्या घरचाच झाला आहे. मालकाचे घर झाडावे, भांडी घासावी, मार खावा, आणि अंगावरचे एखादे वस्त्र मिळाले म्हणजे मोकळे व्हावे, असा तो गुलाम एल्फ. डॉबी हे नाव लेखिकेने हवेतून काढलेले नाही. उत्तर इंग्लंडात घरकाम करणाऱ्या अदृश्य गड्याचे ते जुनेच नाव आहे. हा घरगडी आमच्या मनात राहून गेला, त्याचे कारण पुढे येईल.

एल्फाला आपण आज जितका चिमुकला व गोंडस समजतो, तितका तो मुळात नव्हता. दहाव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडात लिहिल्या गेलेल्या वैद्यकाच्या पोथ्या पाहाव्या, म्हणजे त्याचा जुना चेहरा दिसतो. माणसाच्या कुशीत एकाएकी कळ आली, घोडा अवचित आजारी पडला, की एल्फाचा बाण लागला, असे निदान होई आणि त्यावर मंत्र व मुळ्या सांगितल्या जात. स्कॉटलंडात शेत नांगरताना अश्मयुगातील गारेची बाणाग्रे सापडत, ती ह्याच बाणांची म्हणून लोक जपून ठेवीत. जर्मन भाषेत ह्याचाच भाऊबंद ‘आल्प’ रात्री निजलेल्याच्या छातीवर बसतो. वाईट स्वप्नाला त्या भाषेत आजही त्याचेच नाव आहे. बरे, तो नुसता भयंकर होता म्हणावे, तर तसेही नाही. सुंदर स्त्रीला एल्फासारखी तेजस्वी म्हणत, आणि इंग्लंडच्या सुप्रसिद्ध आल्फ्रेड राजाच्या नावाचा अर्थच मुळी एल्फाचा सल्ला असा आहे. ज्याला भ्यावे त्याचेच नाव मुलाला ठेवावे, ही रीत म्हसोबाच्या नावाने मुलाला हाक मारणाऱ्या आपल्या लोकांस समजावून सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात काही जर्मन पंडितांनी एल्फाचे नाते थेट ऋग्वेदातील ऋभूंशी जोडले होते. ऋभू हे कारागीर, त्यामुळे सोयरीक मोठी मोहक होती. पुढील पंडितांना मात्र ती फारशी पटली नाही, आणि शुभ्र ह्या अर्थाच्या एका जुन्या धातूकडे त्यांचा कल झुकला.

हा माणसाच्या उंचीचा शेजारी लहान केला तो कवींनी. शेक्सपिअरच्या नाटकातील एल्फ भिऊन ओकच्या फळाच्या वाटीत लपतात, आणि त्याची मॅब राणी अंगठीतल्या खड्याहून मोठी नाही. भीती सरली म्हणजे वस्तू लहान दिसू लागते. एल्फाला पुन्हा उंच करण्याचे काम प्राध्यापक टोल्किन ह्यांनी १९३७ पासून आरंभिले, आणि १९५४-५५ मध्ये निघालेल्या तीन खंडांत ते तडीस नेले. पण त्यांचे एल्फ इतके थोर व खानदानी आहेत की, आमच्यासारख्याला त्यांच्या पंक्तीस बसण्याचा संकोच वाटावा.

इकडे, आपल्या गोष्टींवर आपले नाव चिकटविण्याची इंग्रजांना भारी घाई. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांची कन्या मेरी हिने आपल्या आयेकडून ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ ह्या नावाने छापल्या, आणि पोटशीर्षकात त्यांस हिंदूंच्या फेअरी-कथा म्हटले. पुस्तक सुरेख आहे. परंतु एल्फाचा खरा दख्खनी सोयरा आम्हांस त्यातील राक्षसांत वा राजकन्यांत भेटत नाही. तो, किंबहुना ती, भेटते पाण्याच्या काठी.

आमचा जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर व आताचा अहिल्यानगर, मोठा विषम आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो, आणि पूर्वेकडे व दक्षिणेकडे जावे तसतसे आभाळ कृपण होत जाते. अशा मुलखात पाण्यापाशी कोणीतरी राहत असले पाहिजे, असे माणसास वाटले तर त्यात आश्चर्य कसले? प्रवरा, मुळा, गोदावरी ह्यांच्या डोहांवर, ओढ्यांच्या काठी, जुन्या विहिरींच्या धावेच्या कडेला शेंदूर फासलेले सात लहान दगड ओळीने मांडलेले दिसतात. ह्या साती आसरा. त्या सात बहिणी आहेत आणि जेथे पाणी खोल असते तेथे त्यांचे बिऱ्हाड असते. बाळंतीण प्रथम पाण्यावर जाते तेव्हा तिने त्यांना हळदकुंकू वाहावे, खण, बांगड्या, दहीभात द्यावा. भर दुपारी एकटीने डोहावर जाऊ नये. गेली, आणि तिला ताप भरला, मूल होईना, किंवा ती शून्यात पाहत बसली, तर आसरा लागल्या असे म्हणतात. इंग्रज शेतकऱ्याला एल्फाचा बाण लागे, आमच्या शेतकरणीला आसरा लागतात. ‘लागणे’ ह्या क्रियापदाने दोन्हीकडे सारखीच चाकरी केली आहे.

आसरा हा शब्द अप्सरेपासून आला. अप्सरा ही नावापासूनच पाण्याची, कारण ‘अप्’ म्हणजे पाणी. काव्यनाटकांनी तिला इंद्राच्या दरबारी नाचावयास नेले. खेड्याने तिला पाण्यातच ठेवले, आणि खेड्याचे स्मरण अधिक जुने आहे, असे आमचे मत आहे. यक्षिणीचेही असेच झाले. पोथीत ती कुबेराघरची, आणि गावात तिची झाली जखीण. मराठीत दुसराही एक आसरा आहे, आश्रयापासून आलेला. कोशकार ह्या दोन शब्दांना दोन निरनिराळ्या जागी बसवितात, आणि शास्त्र म्हणून ते योग्यच आहे. पण बोलणाऱ्याच्या कानाला दोन कोश नसतात. विहिरीच्या काठी उभी राहून ‘आसरा’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात त्या क्षणी कोणता शब्द असतो, हे कोशकाराने सांगू नये.

आता त्या घरगड्याकडे वळू. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे आमच्या जिल्ह्याच्या व नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर आहे. उंची सुमारे ५,४०० फूट. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबई सरकारने ह्या दोन्ही जिल्ह्यांची गॅझेटिअरे छापली. पिके, रस्ते, कर ह्यांच्या रुक्ष जंत्रीत त्यांत ह्या डोंगराची एक गोष्ट दडली आहे. कळसू नावाची कोळ्याची एक मुलगी होती. तिला भटकण्याचा नाद. ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका कोळी कुटुंबात चाकरीस राहिली. अट एकच: भांडी घासावयास आणि केर काढावयास सांगू नये. दिवस सुखाने जात होते. एके दिवशी घरातील कोणी तिला भांडी घासावयास आणि कचरा काढावयास फर्माविले. तिने ते केले, आणि केल्याबरोबर ती डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत खाली आली नाही. जेथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ.

ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा आम्हांस ग्रिमबंधूंचा मोची आठवला. त्याच्या घरी रात्री दोन चिमणे जीव येऊन जोडे शिवून जात. नवराबायकोने कृतज्ञतेने त्यांना कपडे शिवून दिले, आणि ते कपडे घालून नाचत निघून गेले, पुन्हा आले नाहीत. (मूळ जर्मन गोष्टीत त्यांना एल्फ म्हटलेलेच नाही, ते नाव १८२३ च्या इंग्रजी भाषांतराने दिले. भाषांतरकार अडला म्हणजे काय करतो, ह्याचे हे उदाहरण आमच्या मनाला थोडा धीर देते.) आमच्याकडच्या गोष्टींत जाणारी बहुधा पाण्याची असते आणि मोडते ती अट. शंतनूने विचारू नये ते विचारले आणि गंगा गेली. पुरूरव्याचे उघडे अंग विजेच्या लखलखाटात दिसले आणि उर्वशी गेली. पण राजांच्या ह्या गोष्टींहून आम्हांस कळसूची गोष्ट थोर वाटते, कारण तिच्यात मोडलेली अट कोणत्याही शापाची वा वराची नाही. ती उष्ट्या भांड्यांची आहे. कोळ्याच्या घरातील ती मुलगी आपण कोणते काम करू आणि कोणते करणार नाही, हे आधी सांगते. घरातले कोणी ते विसरते. आणि त्या विसरण्याची किंमत म्हणून एक सबंध डोंगर उभा राहतो. घराने चाकरमाणसाशी केलेल्या एका लहानशा दुर्वर्तनाची इतकी मोठी नोंद जगाच्या पाठीवर दुसरी कोठे असेल, असे आम्हांस वाटत नाही. आणि ती नोंद लपविलेली नाही. काय घडले, कोठे घडले, कोणत्या कामावरून घडले, हे सारे जागेच्या नावासकट सांगितले आहे.

सगळ्याच गोष्टी इतक्या प्रामाणिक नसतात.

आमचे आजोळ प्रवरेच्या काठचे. १९७९ च्या सुमारास, आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना, त्या गावी शेजारच्या वाड्यातील एक नवी सून विहिरीत सापडली. लग्नाला दीड वर्ष झाले होते. सकाळी पाणी शेंदावयास गेली, पाय घसरला, असे कागदावर लिहिले गेले. गावाने मात्र कागदाची वाट पाहिली नाही. दुपारपर्यंत सर्वतोमुखी झाले होते की, तिला आसरांनी नेले. कोणी सांगितले की, ती दोन महिने एकटीच बोलत असे. कोणी सांगितले की, तिने बाळंतपणानंतर ओटी भरली नव्हती. तिचे मूल जगले नव्हते, हे आम्हांस पुढे कळले. त्या वाड्यातून रात्री कसले आवाज येत, हे आळीतील प्रत्येक बाईला ठाऊक होते; पण आसरांचे नाव निघाल्यावर त्या आवाजांविषयी बोलण्याची कोणास गरज उरली नाही. त्या एका शब्दाने पंचनामा पुरा केला. सात बहिणींनी गावाची फार मोठी सोय केली.

आजीने ह्या विषयावर तोंड उघडले ते वीस वर्षांनी. त्या मुलीची आई दर वर्षी त्या तिथीला तीन कोस चालत येई, सासरच्या वाड्याकडे न फिरकता तडक विहिरीवर जाई, सात दगडांपुढे खण, नारळ आणि डझनभर हिरव्या बांगड्या ठेवी आणि परत जाई. लोक म्हणत, बाई आसरांना भिते. आजी आम्हांस म्हणाली, “अरे, ती आसरांची ओटी नव्हती. लेकीची होती. लेकीच्या नावानं भरायला गेली असती तर तिला कुणी विहिरीपाशी उभं राहू दिलं असतं का?”

ह्या वाक्यानंतर आम्ही भुतांच्या याद्या निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. आणि अशा याद्या पुष्कळ आहेत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांनी शाळामास्तरांकडून प्रश्नोत्तरांच्या रूपाने लोकसमजुती गोळा केल्या होत्या. १९०९ मध्ये त्यांचा वध झाल्यावर एन्थोवेन ह्यांनी ते कागद संपादून प्रसिद्ध केले. १९१५ चा कोकणाविषयीचा भाग आणि १९२४ चे मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील पुस्तक अभ्यासकांना परिचित आहे. असल्या ग्रंथांत भुतांची वर्गवारी असते, आणि ती हास्यास्पद वाटते. पण नीट पाहावे. मुंज होऊन लग्नावाचून मेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात मेलेली स्त्री ती हडळ. ही भुतांची यादी कसली? कोण कसा अवेळी मेला, ह्याची ही गावाने ठेवलेली वही आहे. जन्ममृत्यूचे दप्तर सरकारने उघडण्यापूर्वी एवढेच दप्तर होते, आणि त्यात मृत्यूचे कारण लिहिण्याची जागा होती, अपराध्याचे नाव लिहिण्याची नव्हती.

हे आपल्याच अडाणीपणाचे फळ आहे, असे मानणाऱ्या वाचकांसाठी आयर्लंडची एक हकीकत सांगतो. १८९५ च्या मार्च महिन्यात टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ह्या सव्वीस वर्षांच्या स्त्रीला तिच्या नवऱ्याने घरात जाळून मारले. त्याचे म्हणणे असे की, ही आपली बायकोच नव्हे. खरी बायको अदृश्य लोकांनी नेली आणि तिच्या जागी आपली कोणी ठेवली. ब्रिजेट शिवणकाम करून स्वतःचे पैसे मिळवी, टापटिपीने राही, आणि तिला मूल नव्हते. खून झाल्यावर खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून परत येईल म्हणून नवरा जवळच्या जुन्या गढीपाशी रात्री जाऊन बसत असे. न्यायाधीशाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. लंडनमध्ये त्याच काळी मुलांच्या चित्रपुस्तकांत त्याच अदृश्य लोकांना फुलपाखराचे पंख चिकटवून छापीत होते.

तेव्हा ह्या मंडळींस हद्दपार करावे काय? सुधारक मित्र आम्हांस हा प्रश्न विचारतात तेव्हा आम्ही सरळ उत्तर देतो की, ज्याच्या हातात छडी आणि धुपाटणे आहे त्या मांत्रिकाला अवश्य करावे. २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या हत्येनंतर, महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख फसवणूक आणि छळ ह्यांवर आहे, आणि तो तसाच असावा. आणि विवाहितेच्या छळाचा व संशयास्पद मृत्यूचा जाब सासरला विचारणारी कलमे १९८३ आणि १९८६ मध्ये फौजदारी कायद्यात आली, तेव्हा आसरांचे निम्मे काम त्यांच्या अंगावरून उतरले, असे आम्ही मानतो. उशिरा उतरले, त्या सुनेला त्याचा उपयोग नव्हता. परंतु विहिरीवरील सात दगड उचलून फेकल्याने काय साधणार? तसे झाले असते तर एका आईला वर्षातून एकदा उभे राहावयास जी एवढीशी जागा होती, तीही गेली असती. ज्या शब्दाने गुन्हा झाकला, त्याच शब्दाच्या आडून ती आई आपले दुःख उघड्यावर आणीत होती. आसरा आणि आसरा हे दोन शब्द कोशात निराळे ठेवावेत, हे आम्ही वर मान्य केले आहे. तरी त्या विहिरीवर ते निराळे राहिले नव्हते.

ती विहीर आता आटली आहे. मामेभावाने शेजारी बोअर घेतली. सहा इंची नळीत सात जणींनी कोठे बसावे, अशी तो थट्टा करतो. पण यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोने त्या दगडांना नवा शेंदूर लावला होता आणि त्याने तिला हटकले नाही. पाणी पावणेतीनशे फुटांवर लागले. दगड अजून आहेत, विहिरीत बाभूळ उगवली आहे.

गेल्या नवरात्रात आम्ही बारी गावाहून कळसूबाई चढलो. ह्या वयात ते साहस होते, आणि लोखंडी शिड्यांपाशी आम्ही दर दहा पायऱ्यांना थांबत होतो. त्यामुळेच मागून येणाऱ्या बायकांशी बोलणे झाले. त्यांतील एक संगमनेरास चार घरची धुणीभांडी करणारी होती. दम खाण्याच्या निमित्ताने आम्ही तिला गॅझेटिअरातील गोष्ट सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“आमच्यात जरा येगळी सांगत्यात, सर,” ती म्हणाली. “पण भांडी घासली आन् मंग गेली, हे खरं. काम टाकून न्हाई गेली ती.”

मग पिशवीतील बांगड्या फुटल्या नाहीत ना, हे तिने चाचपून पाहिले, आणि शिडीला हात घातला.